रॉबिनचा मृत्यू : अवघ्या ७२ कौलांचा

१५ सप्टेंबर १९८८. सकाळी नऊ वाजता अमेरिकेत दोन दूरध्वनी क्रमांक सुरू झाले. एका क्रमांकावर फोन केला तर एक मुलगा जगणार होता आणि दुसऱ्यावर केला तर मरणार होता. प्रत्येक फोनला ५० सेंट पडत होते. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता दोन्ही क्रमांक बंद झाले, तेव्हा १०,६१४ कौल नोंदले गेले होते. जगण्याच्या बाजूने ५,२७१ आणि मरणाच्या बाजूने ५,३४३.

हा मुलगा काल्पनिक होता. जेसन टॉड हे त्याचे नाव, आणि बॅटमॅनचा सहकारी ‘रॉबिन’ हे त्याचे पद. लोकप्रिय महानायकाच्या जगाला वाचकांनी हादरावे म्हणून जाणूनबुजून धक्के देण्याचे प्रकार अमेरिकी चित्रकथांत पुढे इतके बोकाळले की त्यांची गणती करणेही कंटाळवाणे व्हावे. पण त्या साऱ्यांत ही घटना वेगळी ठरते. इतरत्र लेखक आणि संपादक आपल्या जबाबदारीवर पात्राला मारत. येथे सुरी वाचकाच्या हाती देण्यात आली.

मुळात हा रॉबिन दुसरा. पहिला डिक ग्रेसन. तो १९४० साली अवतरला, सर्कशीत झोक्यावरची कसरत करणाऱ्या आईबापांचा पोरका मुलगा. चार दशकांत तो वाचकांच्या डोळ्यांसमोर मोठा झाला आणि १९८४ साली ‘नाइटविंग’ हे नवे नाव घेऊन स्वतंत्र झाला. जागा रिकामी झाली, पण बॅटमॅनच्या शेजारी कोणीतरी रंगीत कपड्यांतला मुलगा हवाच होता. डब्यांवर, खेळण्यांवर, मुलांच्या झोपायच्या कपड्यांवर छापायलाही तो हवा होता.

म्हणून लेखक गेरी कॉन्वे आणि चित्रकार डॉन न्यूटन यांनी १९८३ साली जेसन टॉड आणला. तोही सर्कशीतला आणि तोही पोरका. इतकेच काय, त्याचे मूळचे तांबूस सोनेरी केस काळे रंगवून त्याला डिकसारखा दिसायला लावण्यात आले. जाता जाता एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. हेच कॉन्वे १९७३ साली स्पायडरमॅनच्या १२१व्या अंकाचे लेखक होते. नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू त्याच अंकात झाला. त्या कथेचे शीर्षक पहिल्या पानावर न देता शेवटच्या पानावर छापले होते, कारण शीर्षकातच मृत्यूची बातमी होती.

जेसनवर वाचकांचा राग सुरुवातीपासून नव्हता. तो निर्माण केला गेला, आणि कसा हे पाहण्यासारखे आहे. १९८५-८६ मध्ये प्रकाशकाने आपल्या साऱ्या कथाविश्वाची फेरमांडणी केली. त्यानंतर १९८७ साली मॅक्स ॲलन कॉलिन्स यांनी जेसनला नवा जन्म दिला. आता तो सर्कशीतला गुणी मुलगा राहिला नाही. गॉथम शहराच्या बकाल गल्लीत एकटा राहणारा, बॅटमॅनच्या मोटारीची चाके काढून विकायला निघालेला भुरटा पोर झाला. खरे तर ही कल्पना आधीच्यापेक्षा कितीतरी सकस होती. ज्या गल्लीत बॅटमॅनचे आईवडील मारले गेले, त्याच गल्लीत त्याला हा मुलगा भेटतो.

पण पुढच्या लेखकाला, जिम स्टार्लिन यांना, रॉबिन ही कल्पनाच मान्य नव्हती. रात्रीच्या अंधारात सशस्त्र गुंडांशी लढायला एका लहान मुलाला भडक कपडे घालून नेणे हा त्यांना शुद्ध वेडेपणा वाटे, आणि तसे ते उघड बोलत. त्यांच्या हाती जेसन अधिक तापट, उद्दाम आणि हाताबाहेर गेलेला होत गेला. ४२४व्या अंकात एक बलात्कारी तरुण उंचावरून पडून मरतो. एका परदेशी राजदूताचा तो मुलगा, म्हणून कायदा त्याला हात लावू शकत नव्हता. रॉबिनने त्याला ढकलले की तो घाबरून पडला, याचे उत्तर कथेत दिलेले नाही.

म्हणजे क्रम असा : आधी गुणी मुलाला रस्त्यावरचा गरीब मुलगा केले, मग त्याला रागीट केले, मग त्याच्यावर खुनाचा संशय ठेवला, आणि शेवटी वाचकांना विचारले की हा मुलगा तुम्हाला हवा का? असा पंचनामा आधीच लिहून ठेवल्यावर निम्म्या वाचकांनी तरीही ‘हवा’ म्हटले, हेच आश्चर्य मानावे लागते.

कौलाची कल्पना संपादक डेनी ओनील यांची. १९७०च्या दशकात चित्रकार नील ॲडम्स यांच्यासह बॅटमॅनला दूरचित्रवाणीवरील विदूषकी रूपातून बाहेर काढून पुन्हा गंभीर करणारे हेच ते लेखक. १९८२ साली ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात एडी मर्फी या विनोदी नटाने एक जिवंत शेवंड प्रेक्षकांसमोर धरून विचारले होते की याला उकळावे की सोडावे, फोन करून कळवा. फोनांचा पाऊस पडला होता. तो प्रसंग ओनील यांच्या मनात राहिला होता. प्रश्न इतकाच होता की असा कौल कशावर घ्यायचा. क्षुल्लक गोष्टीवर घेतला तर कोण फोन करणार?

‘अ डेथ इन द फॅमिली’ ही कथा ४२६ ते ४२९ या चार अंकांत आली. लेखन स्टार्लिन यांचे, चित्रे जिम अपॅरो यांची, मुखपृष्ठे माइक मिन्योला यांची. जेसनला कळते की ज्या स्त्रीला तो आई समजत होता ती त्याची जन्मदात्री नव्हती. खऱ्या आईच्या शोधात तो मध्यपूर्वेतून इथिओपियात पोचतो. तेथे दुष्काळग्रस्तांसाठी काम करणारी शीला हेवूड त्याला सापडते, आणि तीच त्याला जोकरच्या हवाली करते. जोकर त्याला लोखंडी पहारीने झोडपतो. मग माय-लेकरांना एका गोदामात कोंडून तेथे बॉम्ब ठेवतो. जखमी जेसन, जिने दगा दिला तिलाच वाचवायला धडपडतो. बॅटमॅन पोचतो न पोचतो तोच स्फोट होतो.

४२७वा अंक येथे संपला, आणि त्यापुढच्या पानावर ते दोन क्रमांक छापलेले होते.

कथेतील ही विसंगती क्वचितच कोणी बोलून दाखवतो. ज्या मुलाला उद्दाम, स्वार्थी, नकोसा ठरवायला इतके अंक खर्च केले, तो शेवटच्या पानांत साऱ्या मालिकेतील सर्वांत निःस्वार्थ कृत्य करतो. स्टार्लिन यांना रॉबिन नको असेल, पण पेनाने ऐन वेळी मुलाची बाजू घेतली.

४२८व्या अंकाच्या दोन आवृत्त्या तयार ठेवल्या होत्या. एकीत बॅटमॅन ढिगाऱ्यातून मुलाचे शव उचलतो, तर दुसरीत मुलाचा श्वास चालू आहे. अपॅरो यांनी दोन्ही चितारल्या होत्या. कौलाचा निकाल लागला आणि पहिली छापखान्यात गेली. दुसरी कपाटात.

फरक ७२ कौलांचा. एका फोनचे ५० सेंट धरले तर निकाल उलटवायला आणखी ७३ फोन पुरले असते, म्हणजे साडेछत्तीस डॉलर. शिवाय हे कौल होते, माणसे नव्हती. एकाच माणसाने कितीही वेळा फोन करावा, अडवणारे कोणी नव्हते. संगणकाला क्रमांक फिरवायला लावून कुणा वकिलाने मरणाच्या बाजूने शेकडो कौल टाकले, असे आपल्या कानावर आल्याचे ओनील पुढे सांगत. ती ऐकीव गोष्ट आहे आणि तिला तेवढीच किंमत द्यावी. खुद्द ओनील यांनी मात्र मुलाला जगवण्याच्या बाजूने फोन केला होता.

मग जे उसळले त्याची कल्पना प्रकाशकाला नव्हती. वृत्तपत्रांनी ‘रॉबिन मारला’ अशी बातमी दिली. सर्वसामान्य माणसाला रॉबिन म्हणजे आपल्या लहानपणचा डिक ग्रेसन, दुसरा कोणी त्या जागी आला आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांनी वीस वर्षांत एकही अंक उघडला नव्हता, तेही संतापून विचारू लागले. फ्रँक मिलर यांनीही या कौलाची अत्यंत कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. आणि याच मिलर यांच्या १९८६ च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये वृद्ध बॅटमॅनच्या गुहेत जेसन मेल्याचे सूचित केलेले होते! तेव्हा मृत्यूला आक्षेप नव्हता. आक्षेप मृत्यूच्या लिलावाला होता.

स्टार्लिन यांच्या सांगण्यानुसार रॉबिनच्या चित्राचे हक्क विकणारा विभाग भडकला, कारण त्याचे डबे आणि कपडे बाजारात होते. दोष कोणाच्या तरी माथी मारायचा म्हणून तो लेखकाच्या माथी आला आणि त्यांचे काम आटले.

याच स्टार्लिन यांनी सहा वर्षांपूर्वी, १९८२ साली, दुसऱ्या प्रकाशकासाठी कॅप्टन मार्व्हल या नायकाचा मृत्यू लिहिला होता. तेथे खलनायक नाही आणि स्फोटही नाही. नायकाला कर्करोग होतो. त्याचे सारे पराक्रमी मित्र, अवकाश ओलांडणारे आणि पर्वत उचलणारे, त्याच्या बिछान्याभोवती हतबल उभे राहतात. कथा वाचून कोणी संतापले नाही, रडले मात्र अनेक. एकाच लेखकाच्या या दोन मृत्यूंतला फरक कौशल्याचा नाही. पहिल्यात मरण हा विषय होता, दुसऱ्यात ते गिऱ्हाईक बोलावण्याचे साधन झाले.

१९८८ हेच वर्ष आणखी एका पात्रासाठी क्रूर ठरले. ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर दारात उभा राहून बार्बरा गॉर्डनवर गोळी झाडतो. ती पूर्वीची बॅटगर्ल, आता कमरेखाली लुळी. तिचे दुःख कथेत बापाला आणि बॅटमॅनला यातना देण्यापुरतेच येते. तिला स्वतःला काय वाटले हे विचारायला कथा थांबत नाही.

ते विचारले किम येल या लेखिकेने. ही वागणूक त्यांना सहन झाली नाही. पती जॉन ऑस्ट्रॅन्डर यांच्यासह त्यांनी १९८९ च्या आरंभी ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये बार्बराला परत आणले. ती चाकाच्या खुर्चीत, संगणकासमोर, ‘ओरॅकल’ या नावाने उभी राहिली. साऱ्या महानायकांना माहिती पुरवणारी, त्यांच्याहून चतुर. दोन दशके ती अपंग वाचकांची हक्काची नायिका राहिली. आणि २०११ साली नव्या फेरमांडणीत तिला पुन्हा चालती करून बॅटगर्लचे कपडे चढवले, तेव्हा त्याच वाचकांना दुसऱ्यांदा काहीतरी हिरावल्यासारखे वाटले. धक्का देणे सोपे असते. तो मागे घेतानाही कोणाचे तरी घर मोडते, कारण मधल्या काळात त्या पडझडीतच माणसांनी संसार थाटलेला असतो.

१९९२ साली सुपरमॅनला मारले तेव्हा काळ्या वेष्टनातल्या अंकाच्या लाखो प्रती खपल्या आणि पुढच्याच वर्षी तो परतला. १९९४ साली हॅल जॉर्डन या ग्रीन लँटर्नला रातोरात खुनी केले. त्याच्या चाहत्यांनी संघटना बांधली आणि तो निष्कलंक होऊन परतायला दहा वर्षे लागली. २०१६ साली कॅप्टन अमेरिकाच्या तोंडी शत्रुसंघटना हायड्राचा जयघोष घालण्यात आला. ज्याच्या पहिल्याच मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतो, आणि ज्याचे दोन्ही निर्माते ज्यू होते, त्या नायकाच्या तोंडी! वर्षभरात त्याचाही खुलासा निघाला.

१९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून ज्यांनी वेताळ वाचला, त्यांना यातले काहीच नवे वाटणार नाही. वेताळ मरतो. त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलात वेताळ अमरच राहतो. तेथे मरण हे परंपरेचे अंग आहे, त्यासाठी काळे वेष्टन लागत नाही.

जेसनची जागा १९८९ मध्ये टिम ड्रेक या मुलाने भरली. यावेळी संपादकांनी वाचकांना विचारले नाही. बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या पेटीत जेसनचा फाटका पोशाख टांगला गेला आणि पुढची सोळा-सतरा वर्षे तो तेथेच राहिला. हे मात्र कबूल केले पाहिजे की त्या पेटीने बॅटमॅनला जे वजन दिले ते कुठल्याच खलनायकाने दिले नव्हते. २००५ साली जड विनिक यांनी जेसनला ‘रेड हूड’ म्हणून परत आणले. तो परत येऊन बापाला एकच प्रश्न विचारतो : मी मेलो याचा राग नाही, पण ज्याने मारले तो अजून जिवंत कसा? ज्याला वाचकांनी नाकारले होते, तो त्यानंतर त्यांच्या सर्वांत आवडत्या पात्रांत गणला जाऊ लागला.

डिसेंबर २०२३ मध्ये प्रकाशकाने कपाटातली ती दुसरी आवृत्ती अखेर छापली. अपॅरो २००५ साली आणि ओनील २०२० साली गेले होते. पुढच्या वर्षी जे. एम. डिमॅटिस यांनी तेथून पुढची कथा लिहिली. तिच्यात जेसन जगतो, पण पहारीचे घाव त्याच्या मनातून जात नाहीत. या वेळी दूरध्वनी क्रमांक छापलेला नव्हता.