डिझेल कोण पीत होतं

आज ऊस नाही, हळद नाही. आज गिअरबद्दल लिहितोय, आणि सुरुवात ट्रॅक्टरपासून नाही तर पुतण्याच्या मोटारीपासून करतोय. शेवटी येतोय आपल्याच खळ्यावर, तेवढं वाचा.

मागच्या महिन्यात डोळे दाखवायला पुण्याला गेलो होतो. येताना पुतण्या म्हणाला, "तात्या, एसटीनं कशाला, मी येतोयच गावाकडं." त्यानं जुनी पोलो घेतली आहे, जीटी टीएसआय. २०१३ साली आलेलं मॉडेल, आपल्या चाकणला बनलेलं. दिसायला छोटी गाडी, पण पोरं हिच्यावर जीव टाकतात. इंजिन फक्त १.२ लिटरचं, ताकद १०५ पीएस. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन याच्या दुप्पट मोठं आणि ताकद याच्या निम्म्यालाही नाही. हा सगळा खेळ टर्बोचा.

पुतण्या कात्रजपासूनच रडत होता. "तात्या, गाडी भारी आहे, पण पेट्रोल पिते. कंपनीचा अधिकृत आकडा १७.२ चा, मला अकरा-बारा मिळतंय. टर्बो गाडी म्हणजे पेट्रोलचा पंपच." हप्ता, पुण्यातलं घरभाडं आणि वर हे पेट्रोल. दिवाळीनंतर गाडी विकायचं चाललं होतं त्याच्या डोक्यात.

मी आपला शेजारी बसून समोरचा काटा बघत होतो. वाहनात बसलो की इंजिनाच्या आवाजाकडं कान जातो, त्याला इलाज नाही. आवाज मला जास्त वाटत होता. ऐंशीच्या वेगाला इंजिनाचे फेरे तीन हजाराच्या आसपास. म्हणलं, "अरे, ही एवढी का ओरडतीय? वरचा गिअर नाही का हिला?"

"आहे की, सात गिअर आहेत. ऑटोमॅटिक आहे, ती आपली आपण टाकते."

मग लिव्हरकडं बघितलं. ते 'एस'वर होतं. एस म्हणजे स्पोर्ट. त्यात गाडी मुद्दाम खालचा गिअर धरून ठेवते, म्हणजे पाय दाबला की लगेच उसळी. याला ती उसळी आवडते म्हणून हा कायम एसवर. म्हणलं, "ते 'डी'वर घे बघू." त्यानं घेतलं. गाडीनं एकापाठोपाठ गिअर टाकले, फेरे दोन हजाराच्या खाली आले, वेग तोच ऐंशी. आवाज एकदम शांत झाला.

त्या गाडीत एक सोय आहे. आत्ता या क्षणाला लिटरला किती किलोमीटर पडतंय ते समोर दिसतं. आकडा खाली-वर होत राहतो, पण सपाट रस्त्यावर पाय एकसारखा धरला की अंदाज येतो. शिरवळच्या अलीकडं सपाटीवर आम्ही तीन-चार वेळा करून बघितलं. एस, मग डी, परत एस. रस्ता तोच, वेग तोच, माणसं दोनच. दर वेळी एसला आकडा तेराच्या आसपास आणि डीला अठरा-एकोणीस. पुतण्या गप्प. मी पण गप्प, कारण माझ्या डोक्यात पोलो नव्हतीच. माझ्या डोक्यात आमचा ड्रायव्हर होता.

ते सांगतो. आधी हे असं का होतं ते माझ्या भाषेत सांगतो, कारण आपल्यात टर्बोबद्दल फार खुळ्या समजुती आहेत. मी स्वतः त्यातलाच.

टर्बो म्हणजे लोहाराचा भाता समजा. सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला पंखा, आणि तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. छोट्या टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. जास्त हवा आली की जास्त इंधन जळू शकतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. पण नीट लक्षात घ्या, हे चक्र नुसत्या रेसवर जोर धरत नाही. ते ओझ्यावर जोर धरतं. गाडी उभी करून कितीही रेस करा, आत इंधन थोडंच जळतं, धुरात दम नसतो, टर्बो हवा दाबत नाही. ओझं आलं, इंधन जळलं, की भाता चालला. 'टर्बोला रेस लागते' हे अर्धं खरं. अगदी कमी फेऱ्याला तो सुस्त असतो एवढंच.

या पोलोचा जोर १७५ न्यूटन मीटर आहे आणि तो दीड हजार फेऱ्यांपासून पूर्ण मिळतो, चार हजार शंभरपर्यंत तसाच राहतो. म्हणजे सपाटीला ऐंशीनं पळायला तीन हजार फेऱ्यांची गरजच नाही. जेवढे फेरे जास्त तेवढी पिस्टन-रिंगांची घासाघीस जास्त, आणि ती घासाघीस इंधन खाते. पेट्रोल इंजिनात आणखी एक गोम असते. पाय हलका असला की हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि इंजिन त्या मिटल्या वाटेतून हवा ओढता ओढता दमतं. वरच्या गिअरला तेच काम कमी फेऱ्यात होतं, झडप जास्त उघडी राहते, दमणूक कमी.

आणि पाय पूर्ण दाबला तर? तेव्हा टर्बो पेट्रोल गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओतते. पेट्रोल नीट जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते. जोरात पळवताना धूर इतका तापतो, नऊशे अंशांच्या घरात, की टर्बोचं चक्र वाचवायला आत जादा पेट्रोल सोडून थंडावा दिला जातो. ते पेट्रोल गाडी पळवायला नाही, टर्बो निववायला खर्च होतं. त्यात वेग. ऐंशीचे एकशे दहा केले की हवेचा अडथळा जवळजवळ दुप्पट. पुतण्याचे अकरा-बारा तिथं गेले होते. गाडीचा काही दोष नव्हता.

खंबाटकीच्या चढाला मात्र आकडा सहावर आला, डी असूनही. गाडीनं आपणहून खालचे गिअर घेतले आणि ते बरोबर केलं. पुतण्या म्हणाला, "तात्या, आता वरचा टाकू का हातानं?" म्हणलं, अजिबात नको. चढाला फुकट काही मिळत नाही. कमी फेऱ्यात वरच्या गिअरला पाय दाबून इंजिन रेटलं तर अशा टर्बो पेट्रोल इंजिनात पेट्रोल अवेळी पेट घेतं, आत ठोका बसतो, आणि तो जोराचा असला तर पिस्टन फुटतो. उताराला नुसता पाय काढायचा, गाडी गिअरमध्येच ठेवायची. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. आणि ऊस भरलेली ट्रॉली उताराला न्यूट्रल करणाऱ्यांना तर काय बोलावं, दर हंगामाला एखादी पलटी झालेली बघतोच आपण.

तर आता ड्रायव्हरचं.

तीन वर्षांपूर्वी मी पन्नासच्या वरचा टर्बोचा ट्रॅक्टर घेतला, कर्ज काढून. ऊस वाहतुकीचा करार केला. कारखाना आमच्यापासून अठरा किलोमीटर. ड्रायव्हर जुनाच, अकरा वर्षं माझ्याकडं. नाव लिहीत नाही. जुन्या ट्रॅक्टरला एक ट्रॉली असायची, नव्याला दोन. विकणारा म्हणाला होता, टर्बो आहे, डिझेल वाचेल. मी हिशोब धरला होता जाऊन-येऊन साडेदहा लिटरचा. वहीत लागायला लागले तेरा. कधी साडेतेरा.

पहिला महिना म्हणलं नवीन आहे, इंजिन खुलायचंय. दुसऱ्या महिन्यात म्हणलं रस्ता खराब. तिसऱ्या महिन्यापासून मनात किडा वळवळायला लागला. खेपेला अडीच लिटर जातंय कुठं? हंगामात सव्वाशे खेपा झाल्या. अडीच लिटरनं तीनशे लिटरच्या वर. नव्वद रुपये धरले तरी अठ्ठावीस हजार. हप्ता ओढताना हा आकडा झोपू देत नाही. वाहतूकदारांत बसलं की चार जण सांगणारेच असतात, 'अहो, कॅन भरून विकतात, गव्हाणीवर रात्र काढतात ती उगीच नाही.'

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी चहाच्या टपरीवर, पाच-सहा माणसांसमोर, मी त्याला विचारलं. विचारलं म्हणजे काय, बोललोच. "खेपेला अडीच लिटर कुठं उतरवतोस ते एकदा सांग, म्हणजे मला पण सवय होईल." त्यानं काही उत्तर दिलं नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत घरी गेला. उरलेला पगार न्यायला पण आला नाही, पोराला पाठवलं.

त्याच्या जागी आलेल्या पोरालाही तेराच लिटर लागायला लागले. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला पाहिजे होती. मी काय म्हणलं? हा पण चोर.

पोलोतून उतरलो त्याच आठवड्यात टाकी काठोकाठ भरली आणि भरल्या दोन ट्रॉल्यांसोबत मी स्वतः बसलो. बघतो तर पोरगं हाय तिसऱ्याला, फेरे दोन हजारावर, रेस पूर्ण. येताना मोकळ्या ट्रॉल्या, तरी तेच. म्हणलं, "चौथा का टाकत नाहीस?" पोरगं म्हणालं, "मालक, तुम्हीच सांगितलंय की. टर्बो आहे, रेस कमी करायची नाही."

हो. मीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, हार घालताना.

दुसऱ्या खेपेला सपाटीला हाय चौथा टाकला, हातानं रेस साडेचौदाशेवर आणली. वेग तोच, वीसच्या आसपास. ओढ्याच्या चढाला आधीच तिसरा टाकून रेस वाढवली. परत आल्यावर टाकी परत काठोकाठ भरली तर साडेदहा लिटर बसलं. चार खेपा मोजल्या. दहा ते अकराच्या बाहेर एकही गेली नाही.

यात शहाणपणा जास्त झाला तेही सांगतो. पाचव्या खेपेला म्हणलं चढही चौथ्यालाच काढू. इंजिन कण्हायला लागलं, सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर, पाण्याचा काटा वर. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. खालचा गिअर टाकायला लावला. ओळखायची खूण साधी आहे. वरच्या गिअरला चालताना रेस थोडी वाढवून बघायची. इंजिननं लगेच फेरे उचलले तर ठीक. नुसता धूर वाढला आणि फेरे तिथंच, तर ओझं जास्त आहे, एक गिअर खाली. वरचा गिअर, कमी रेस हे ट्रॉलीला, हलक्या कुळवणीला, मोकळ्या फेरीला. रोटरला आणि पीटीओच्या कामाला नाही, तिथं शाफ्टला ५४० फेरे लागतात म्हणजे लागतात. ज्यांच्या ट्रॅक्टरला कमी रेसवर ५४० देणारा इकॉनॉमी पीटीओ आहे त्यांनी हलक्या कामाला तो वापरावा, बऱ्याच जणांकडं असतो आणि लिव्हर गंजलेला असतो. आणि लांबून ओझं ओढून आल्यावर लगेच किल्ली बंद करू नका, एक-दोन मिनिटं इंजिन हळू चालू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल उष्णतेनं जळतं.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. तो आता शेजारच्या गावात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहे. वही बरोबर नेली होती. तो दारातच बसला होता, उठला, म्हणाला, "या मालक." मालक म्हणाला तेच मला जड गेलं. वही उघडून दाखवली. आधीच्या हंगामाचे तेरा, आत्ताचे साडेदहा. म्हणलं, "तू घेतलं नव्हतंस. माझी चूक झाली. टपरीवर बोललो तसं टपरीवरच सांगेन."

त्यानं वही बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं तुम्हाला, मोकळं येताना टॉपला टाकून रेस कमी करू का म्हणून. तुम्ही म्हणला, इंजिनाला दम लागंल, तुला टर्बोतलं काय कळतंय."

मला ते आठवत नव्हतं. पण तो बोलला ते शब्द माझेच आहेत, बोलायची पद्धत माझीच आहे.

चहा झाला. कामावर येतोस का असं विचारायचं धाडस झालं नाही. निघताना त्यानंच विचारलं, "पुढच्या चाकांचा एअर बघता का हल्ली? तो कमी असला तरी डिझेल जातं." म्हणलं, बघतो. खरं म्हणजे तो गेल्यापासून कुणी बघितलाच नव्हता. घरी येऊन बघितला तर दोन्ही चाकं दबलेली.

टपरीवर अजून सांगायचंय. उद्या सकाळी जातोय, तिथली माणसं हे पेज वाचतात म्हणून आधी इथं लिहिलं. पुतण्यानं गाडी विकायचा बेत सध्या पुढं ढकललाय, लिव्हर डीवर आहे म्हणतो. परवा फोटो पाठवला होता, १६.८ चा.