पहिल्या खेळाडूची जागा

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे एम्युलेटरला, चित्र, ध्वनी आणि वेग या तीन गोष्टी आज बहुतांशी साधल्या आहेत; अजून न साधलेली गोष्ट त्यांच्या मानाने क्षुल्लक वाटावी अशी आहे, आणि ती म्हणजे जोडलेल्या दोन कंट्रोलरांपैकी पहिला कोणता हे लक्षात ठेवणे. एकट्याने खेळणाऱ्याला ही अडचण येत नाही. दोन भिडू शेजारी बसले, दोघांच्या हाती एकाच बनावटीचे कंट्रोलर असले आणि यंत्र नव्याने सुरू केले, की ‘कॉन्ट्रा’ या खेळातला पहिल्या खेळाडूचा, निळ्या विजारीचा सैनिक आज कोणाच्या अंगठ्याखाली आहे हे खेळ सुरू झाल्यावरच कळते. बटणांची नेमणूक कशी करावी, ब्लूटूथची जोडी कशी जुळवावी, हे या कामात वर्षे घालवलेल्यांना सांगण्याचे कारण नाही. येथे विचार आहे तो केवळ क्रमाचा.

निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्रात हा प्रश्न उद्भवणेच शक्य नव्हते, कारण त्याचे दोन्ही कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले होते, आणि ते एकसारखेही नव्हते. दुसऱ्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणे नव्हती. त्याऐवजी त्यावर एक छोटा मायक्रोफोन होता. खेळ सुरू करण्याचा आणि मध्येच थांबवण्याचा अधिकार अशा रीतीने पहिल्याच्या हातात वायरीनिशी बांधलेला होता. १९८५ साली अमेरिकेत गेलेल्या आवृत्तीत कंट्रोलर सुटे आणि समान झाले, तरी क्रम यंत्राच्या अंगावर राहिलाच: दर्शनी बाजूस दोन पोर्ट, एक पहिल्याचा, एक दुसऱ्याचा. आतील व्यवहारही तितकाच साधा होता. प्रत्येक कंट्रोलरमध्ये शिफ्ट रजिस्टर नावाची एक चिप असे, म्हणजे आठ बटणांची स्थिती क्षणभर गोठवून ती एकामागून एक बाहेर सोडणारी रांग. यंत्र खूण करी, रांग गोठे, आणि मग प्रत्येक स्पंदासरशी एकेका बटणाची वार्ता तारेतून प्रोसेसरकडे जाई. पहिल्या पोर्टची वार्ता एका पत्त्यावर वाचली जाई, दुसऱ्याची त्याच्या शेजारच्या पत्त्यावर. कंट्रोलरने स्वतःचे नाव सांगावे अशी अपेक्षाच नव्हती. ओळख होती ती जागेला, आणि त्या जागेवर जो येईल तो तेवढ्यापुरता पहिला.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घरांत जी यंत्रे आली ती बहुतेक या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या कार्ट्रिजला मुले कॅसेट म्हणत आणि कंट्रोलरला रिमोट, जरी त्याला चांगली हातभर वायर असे. नऊ पिनांच्या जोडणीचे रिमोट तेव्हा सर्रास दिसत; सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राची जोडणीही नऊ पिनांचीच, त्यामुळे त्याचा कंट्रोलर या नकलांत बसे आणि तरीही चालत नसे, कारण बटणांची वार्ता पाठवण्याची त्याची पद्धतच निराळी होती. या मुलांच्या बोलण्यात ‘पहिला रिमोट’ हा शब्द वस्तूचे नाव कमी आणि पदाचे नाव अधिक होता. ‘बॅटल सिटी’ या १९८५ च्या खेळात पिवळा रणगाडा पहिल्याचा आणि हिरवा दुसऱ्याचा. ‘कॉन्ट्रा’त तीस आयुष्ये मिळवून देणारा दिशा-बटणांचा तो प्रसिद्ध क्रम दाबायचा तोही पहिल्यानेच. घरातील थोरले भावंड पहिला रिमोट घेई आणि धाकट्याला दुसरा मिळे, किंवा फारच धाकटे असेल तर न जोडलेला रिमोट हाती देऊन त्याची समजूत घातली जाई.

यूएसबी जोडणी आली आणि जागेचे हे राज्य संपले. संगणकाच्या दृष्टीने यूएसबीचे सर्व पोर्ट समान. जो कंट्रोलर आधी ओळखला जाईल त्याला आधीचा क्रमांक. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, किंवा लिनक्स चालणाऱ्या कोणत्याही यंत्रावर, आलेल्या कंट्रोलरांना जेएस-शून्य, जेएस-एक असे क्रमांक मिळतात आणि एम्युलेटर सामान्यतः त्याच ओळीने खेळाडू ठरवतो. यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, अनेक उपकरणांची चौकशी जवळजवळ एकाच वेळी करीत असल्याने कोणाचे उत्तर आधी येईल याची हमी नसते. काल पहिला असलेला आज दुसरा होतो तो याच शर्यतीमुळे.

यावर स्वाभाविक उपाय सुचतो तो प्रत्येक कंट्रोलरला नावाने ओळखण्याचा. प्रत्येक यूएसबी उपकरण आपल्या उत्पादकाचा एक क्रमांक आणि नमुन्याचा एक क्रमांक सांगते, आणि त्यांवरूनच रेट्रोआर्कसारखी आज्ञावली त्याची बटणे आपोआप जुळवून घेते. परंतु एकाच पेटीतून निघालेल्या दोन कंट्रोलरांचे हे दोन्ही क्रमांक एकच असतात. नगाचा स्वतंत्र क्रमांक सांगण्याची तरतूद यूएसबीच्या नियमांत आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि स्वस्त कंट्रोलर बनवणारे तो बहुधा घालतच नाहीत. अनेक खेळ आणि एम्युलेटर ज्या एसडीएल या सामाईक संग्रहावर उभे आहेत, त्याची सोळा बाइटांची ओळखखूणही याच क्रमांकांतून घडते. ती कंट्रोलरची जात सांगते, व्यक्ती सांगत नाही. रेट्रोआर्कमध्ये आता विशिष्ट खेळाडूसाठी विशिष्ट कंट्रोलर राखून ठेवता येतो, ही सोय फार आधी यायला हवी होती. पण राखण जेथे नावाची आहे तेथे दोन समान नावांचा गुंता जागच्या जागीच राहतो.

प्रस्तुत लेखकाने या एका गुंत्यावर जितका काळ घालवला तितका प्रत्यक्ष खेळण्यावरही घालवला नसावा. पहिला प्रयत्न वाटेवरून ओळखण्याचा होता. लिनक्स प्रत्येक कंट्रोलरची भौतिक वाट नोंदवते: कोणत्या मूळ जोडणीवर, कोणत्या हबच्या कितव्या पोर्टवर तो बसला आहे, हे ‘एक-एक-दोन’ अशा आकड्यांच्या माळेत वाचता येते. रेट्रोपाय या प्रणालीत खेळ सुरू होण्याच्या क्षणाआधी आपली एखादी छोटी आज्ञावली चालवण्याची सोय आहे. तिच्यातून ही माळ वाचून, डाव्या पोर्टचा तो पहिला, असे एम्युलेटरला दरवेळी नव्याने सांगता येते. ही युक्ती काही महिने निर्वेध चालली आणि मग कोणी हब बदलला, कोणी वायर आखूड पडते म्हणून कंट्रोलर मागच्या पोर्टला लावला, की माळ बदलली आणि आज्ञावली मुकी झाली. सर्व शक्य माळांची यादी तिच्यात घालण्याचा खटाटोपही झाला. यादी लांबत गेली, आणि घरात कोणत्या पोर्टला काय लावावे याचे नियम त्याहून वेगाने वाढले.

दुसरा प्रयत्न बिनतारी कंट्रोलरांचा. ब्लूटूथच्या प्रत्येक नगाला स्वतःचा पत्ता असतो, तो कार्यप्रणालीला दिसतो, आणि म्हणून व्यक्तीची ओळख येथे खरोखर पटते. पण बिनतारी कंट्रोलर काही मिनिटे हाताळला नाही की बॅटरी वाचवण्यासाठी झोपी जातो, आणि जागा होतो तेव्हा रिकाम्या जागांपैकी आधीची पटकावतो. चहासाठी उठलेले दोन्ही भिडू परतले, की ज्याने आधी बटण दाबले तो पहिला. खेळाच्या मध्यावर झालेली ही अदलाबदल खेळ सुरू होण्याआधी चालून गेलेल्या आज्ञावलीला कळण्याचा मार्ग नसतो. दिव्यांवरही विसंबता येत नाही. एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरवरील चार भागांचे प्रकाशवलय आपला क्रमांक दाखवते, पण तो क्रमांक कर्नलमधील चालकाने दिलेला असतो आणि एम्युलेटरची ओळ निराळी असू शकते. पहिला भाग उजळलेला कंट्रोलर खेळात दुसरा निघाला, म्हणजे दोन्ही भिडू काही क्षण आपापल्या हातांवरच अविश्वास दाखवतात.

तिसरी युक्ती जात बदलण्याची, आणि तिचा लेखकाला सर्वाधिक अभिमान होता. एटबिटडू या कंपनीचे अनेक कंट्रोलर सुरू करताना स्टार्टसोबत कोणते बटण धरले यावरून वेगवेगळ्या रूपांत प्रकट होतात: एक्स धरल्यास एक्सबॉक्सचा कंट्रोलर म्हणून, वाय धरल्यास निन्टेन्डो स्विचचा म्हणून. एकाच पेटीतील दोन जुळ्यांना अशी दोन रूपे दिली की त्यांचे क्रमांक भिन्न होतात, आणि नावाने राखण्याची सोय एकदाची उपयोगी पडते. याला किंमत एवढीच, की दोन्ही रूपांत ए आणि बी यांच्या जागा उलटसुलट होतात, आणि प्रत्येक रूपाची बटणे स्वतंत्रपणे जुळवावी लागतात. ज्या सहीसही समानतेसाठी जुळे घेतले ती समानताच मोडावी लागते.

शेवटी टिकलेला उपाय जुनी जागा परत आणण्याचा. दोन पोर्ट असलेला एक अडॅप्टर, म्हणजे जुन्या पद्धतीचे दोन कंट्रोलर एकाच यूएसबी तारेवर आणणारी डबी, संगणकाला एकच उपकरण म्हणून दिसते. तिच्या आत पहिला आणि दुसरा ही क्रमवारी डबीनेच ठरवलेली असते आणि ती कोणत्याही शर्यतीत बदलत नाही. अशा काही डब्या लिनक्सला मुळात एकच कंट्रोलर असल्यासारख्या दिसतात, आणि सुरुवातीच्या आज्ञांच्या ओळीत त्या डबीच्या क्रमांकापुढे एक विशेष खूण लिहिली तरच दोन्ही वेगळे होतात. ही खूण ठाऊक नसल्याने चांगल्या डब्या बिघडलेल्या समजून परत केल्या जातात, याचे वाईट वाटते. डबीच्या डाव्या पोर्टभोवती लाल दोरा बांधला आणि प्रश्न सुटला, असे लेखकाने अनेकांना सांगितले आहे.

याच क्षेत्रातील इतरांविषयी लेखकाची मते कठोर आहेत आणि ती येथे लपवण्याचे कारण दिसत नाही. टीव्हीला खोचायची, हजारो खेळ आधीच भरलेली जी तयार यंत्रे बाजारात मिळतात, त्यांत खेळ बहुधा विनापरवाना असतात, ध्वनी फाटतो, आणि खेळांच्या संख्येची जाहिरात तीच असते जी नव्वदच्या दशकातील कॅसेटवर नऊच्या आकड्यांची रांग छापून केली जाई. तरीही त्यांतील काहींचे दोन्ही बिनतारी कंट्रोलर एकाच रिसीव्हरशी बोलतात आणि त्यांचा क्रम बदलत नाही, हे कबूल करणे भाग आहे. उलट या छंदातील जाणकारांचा ओढा चित्राच्या आडव्या रेषांकडे आणि विलंबाच्या मिलिसेकंदांकडे आहे. एकट्याने मोजता येईल ते सारे त्यांनी मोजले, आणि दुसऱ्या माणसाच्या येण्याने जे बिघडते ते तसेच सोडले. निन्टेन्डोच्या २०१७ च्या स्विचमध्येही क्रम यंत्रावर कोरलेला नाही: पडद्यावर सूचना येते आणि जो भिडू आधी एल व आर बटणे एकत्र दाबतो तो पहिला ठरतो. तांत्रिकदृष्ट्या हा उपाय निर्दोष आहे, आणि लेखकाने त्याचा अनेक वर्षे द्वेष केला.

हा द्वेष कशाचा होता हे अलीकडे दोन कारणांनी उघड झाले. पहिले कारण शारीरिक आहे. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा आखडू लागल्याने दिशेच्या फुलीवर तिरके दाबणे कठीण झाले, आणि ‘कॉन्ट्रा’सारख्या खेळात धावता धावता तिरका नेम धरता येत नसेल तर उपयोग नाही. दुसरे कारण अकरा वर्षांची भाची, जी सुट्टीत हा सारा व्यवहार शिकू लागली. लेखक तिला भौतिक वाटांची माळ समजावून सांगत असताना क्रम पुन्हा उलटा लागला, आणि “मामा, आपण रिमोटच बदलून घेऊ ना,” असे म्हणून तिने दोन्ही कंट्रोलर हातोहात बदलले. तिच्या पिढीला रिमोट हा शब्द मामाकडूनच मिळाला आहे.

अदलाबदलीचा हा उपाय लेखकाला पूर्वी सुचला नव्हता असे नाही. तो नाकारला होता. त्यामागील खरे कारण लिहिताना संकोच वाटतो. आज्ञावलीच्या प्रत्येक आवृत्तीत, माळांच्या प्रत्येक यादीत, जुळ्यांच्या प्रत्येक रूपात पहिला ठरवलेला कंट्रोलर एकच होता: बटणे थोडी घासलेला, लेखकाच्या स्वतःच्या हातातला. ज्याला तांत्रिक अडचण म्हटले गेले ती बऱ्याच अंशी थोरल्या भावाची मागणी होती, आणि यंत्राने ती विनातक्रार, दरवेळी, न सांगता पुरवावी एवढ्यासाठी इतके श्रम झाले. धाकट्या भावाने लहानपणी कितीदा न जोडलेला रिमोट हाती घेऊन तासन्तास बटणे दाबली, हे लेखकाला ठाऊक आहे. भाची त्याच भावाच्या धाकट्या बहिणीची मुलगी.

आता डाव्या पोर्टला, लाल दोऱ्यापाशी, भाचीचा कंट्रोलर असतो. ‘कॉन्ट्रा’तील धबधब्याच्या टप्प्यात जो आधी वर चढतो त्याच्यामागे पडदा सरकतो आणि खाली राहिलेला भिडू कडेबाहेर जाऊन मरतो. ती चढते, मग एका कड्यावर थांबते आणि खालच्या लाल विजारीच्या सैनिकाची उडी पुरी होईपर्यंत पुढे जात नाही. हे थांबणे तिला कोणी शिकवलेले नाही. निळा सैनिक चालवण्याच्या दिवसांत लेखक थांबत नसे.

खेळाआधी चालणारी जुनी आज्ञावली यंत्राच्या मेमरी कार्डावर अजून आहे. घासलेल्या कंट्रोलरला पहिला ठरवणारी तिची ओळ पुसलेली नाही. ओळीच्या आरंभी फक्त एक चिन्ह घातले आहे, ज्यामुळे यंत्र ती ओलांडून पुढे जाते.