सगळ्यांना सारखी जागा

मशीन बदललं, नोकरी बदलली, पण माझ्या एडिटरमधला फाँट तोच आहे: कन्सोलास. नवा लॅपटॉप हातात आला की पहिलं काम ते. मित्र हसतात. हसू देत.

लुकास डी ग्रूट या डच माणसाने तो बनवला (कॅलिब्रीही त्याचाच), आणि २००७ साली व्हिस्टा नि ऑफिस २००७ बरोबर तो आपल्याकडे पोचला. मॉनोस्पेस, म्हणजे काडीसारख्या 'आय'ला जेवढी जागा, तेवढीच तीन पायांच्या 'एम'ला. मुळात ही टाइपरायटरची गरज. अक्षर कुठलंही असो, कॅरेज एकच घर सरकणार. टाइपरायटर गेला, घरं राहिली. कारण लॉगमधले कॉलम एकाखाली एक आले तरच गडबड डोळ्यात भरते.

गंमत म्हणजे हा सॅन्स-सेरिफ, म्हणजे अक्षरांना शेपट्या नकोत. पण बारीकशा 'आय'ला एवढी मोठी खोली दिली की दोन्हीकडे ओकंबोकं दिसणार. म्हणून स्मॉल 'आय' आणि 'एल'ला गुपचूप पाय जोडलेत! आणि 'एम' बिचारा लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखा अंग चोरून.

हे पाय शोभेचे नाहीत बरं का. एकदा आमच्या टीमला व्हेंडरने सर्व्हरचा पासवर्ड छापील कागदावर दिला, तोही एरियलमध्ये. एरियलमध्ये कॅपिटल 'आय' आणि स्मॉल 'एल' म्हणजे जवळजवळ सारख्याच दोन उभ्या काड्या. तीन चुकले की अकाउंट लॉक, सकाळी सहाला बॅच सुरू होणार, आणि आम्ही चार इंजिनियर रात्री दोन वाजता कागद दिव्याखाली धरून काड्या बघतोय. कन्सोलासमध्ये हा प्रश्नच आला नसता. शून्याच्या पोटातही तिरकी रेघ आहे, 'ओ'शी घोळ नको म्हणून.

असो. खरी ठेच लागते ती मराठीत. कन्सोलासमध्ये देवनागरी नाहीच, मग सिस्टिम दुसराच कुठलातरी फाँट उसना आणते. त्यात 'क्षी' हे डोळ्याला एक अक्षर, पण आत कोड चार: क, हलन्त, ष, वेलांटी. प्रोग्राम मोजतो कोड, आपण मोजतो अक्षरं. एक क्षीरसागर आले की पुढचे सगळे कॉलम वाकडे.

आणि हे जमणारच नाही असंही नाही. मराठी टाइपरायटरने हेच केलं होतं की! अर्धी अक्षरं वेगळी, काना वेगळा, उकार मारताना कॅरेज जागची हलायची नाही. कोर्टाचे जुने कागद बघा. ओबडधोबड दिसतात, पण ओळ ओळीखाली बसते.

तूर्तास आमच्या रिपोर्टमध्ये ग्राहकाचं नाव मी शेवटच्या कॉलमात टाकलंय. वाकडं झालं तरी पुढे सरकायला कोणी नाही :)