त्याच दारी पुन्हा

शाळेतल्या समाजसेवेचा विषय निघाला की माझ्या पिढीच्या तोंडी हटकून दोन शब्द येतात: खरी कमाई. नव्वदच्या आसपास जे स्काऊटमध्ये होते त्यांना तो आठवडा आजही आठवतो. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, खिशात घडी घातलेलं कार्ड. दोघा-दोघांच्या जोड्या करून आम्ही गल्लोगल्ली फिरायचो. सरांनी फळ्यावर एकच नियम लिहिलेला असायचा: पैसे मागायचे नाहीत, काम मागायचं. काम झाल्यावर जे मिळेल ते घ्यायचं, कार्डावर कामाची नोंद करायची आणि घरच्या माणसाची सही आणायची.

कामंही तशीच असायची. गहू निवडणं, गिरणीतून दळण आणणं, सायकलची चेन रॉकेलने धुणं, माळ्यावरची पितळी भांडी उतरवून चिंचेने घासणं, रेशनच्या दुकानापुढे रॉकेलच्या रांगेत डबा धरून उभं राहणं. मोबदला चार आणे, आठ आणे. कुणी बंदा रुपया हातावर ठेवला तर आमची जोडी दिवसभर छाती काढून चालायची. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट निराळीच होती. ज्या घरासमोरून रोज शाळेत जायचो, त्या घराच्या आत पहिल्यांदा पाऊल पडायचं. बाहेरून ऐटदार दिसणाऱ्या वाड्यात म्हातारे आजोबा एकटेच राहतात, कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना संध्याकाळनंतर सुईत दोरा ओवता येत नाही, हे आम्हांला त्या आठवड्यात कळलं.

आज अनेक शाळांत खरी कमाई पटांगणावर भरते. मुलं भेळ, वडापाव, सरबताचे स्टॉल लावतात, पालक कुपनं घेऊन येतात, संध्याकाळी नफ्या-तोट्याचा हिशेब होतो. हा उपक्रम मला आवडतो. मुलं घासाघीस करून सामान आणतात, कांदा चिरतात, उरलेल्या चटणीचं काय करायचं यावर गंभीरपणे चर्चा करतात. लाजरी मुलगी गल्ल्यावर बसून दहाच्या नोटा मोजते तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो. पण गिऱ्हाईक आपलंच असतं: आई, बाबा, वर्गशिक्षक. अनोळखी दाराची कडी वाजवून ‘काही काम आहे का’ असं विचारायचा भाग त्यातून गेला. तो का गेला हेही समजतं. गावं वाढली, शेजार अनोळखी झाला, मुलांच्या सुरक्षेची काळजी वाढली आणि ती रास्तच आहे. आमच्या वेळीही गाईडच्या मुलींना स्वतःच्या गल्लीबाहेर पाठवत नसत. जी मोकळीक आम्ही आठवतो ती निम्म्या वर्गाचीच होती. आज अनेक शाळांच्या सेवा मंडळांत मुली नुसत्या असतात असं नाही, मंडळ त्याच चालवतात. हा बदल मला त्या सगळ्या आठवणींहून मोलाचा वाटतो.

त्या खरी कमाईतली एक नोंद मला अजून स्पष्ट दिसते. मारुतीच्या देवळामागे एक आजी राहायच्या. आम्ही त्यांचं परसअंगण झाडलं, सरपण रचून दिलं. सहीसाठी कार्ड पुढे केलं तर त्या म्हणाल्या, “मला कुठं लिवता येतंय रं पोरा?” शाईचं पॅड कुणाकडेच नव्हतं. त्यांनी कपड्यांच्या निळीत अंगठा बुडवला आणि कार्डावर दाबला. गणवेश इस्त्री करून आलेल्या आम्हां दोघांना काय बोलावं ते सुचेना. कार्डावरच्या बाकी साऱ्या सह्या काळ्या-निळ्या रेघांच्या, आणि मध्येच तो गडद निळा ठसा.

पुढच्याच वर्षी गावात साक्षरता अभियान आलं. राष्ट्रीय साक्षरता मिशन 1988 मध्ये सुरू झालं होतं आणि नव्वदच्या सुरुवातीला त्याचे वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले होते. शाळेने वरच्या वर्गांतल्या मुलांना आपापली घरं निवडायला सांगितली. माझ्या मनात दुसरं घर आलंच नाही. संध्याकाळी पाटी-पेन्सिल घेऊन गेलो तर आजी दारातच म्हणाल्या, “पुन्यांदा आलास व्हय?” त्या प्रश्नात नवल होतं. मी पुन्हा येईन असं त्यांना वाटलं नसावं. सगळी बाराखडी त्यांना काही आली नाही. काना-मात्रेशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. पण रेशनकार्डावरचं स्वतःचं नाव बोटाने गिरवत त्यांनी वाचलं आणि एसटीच्या पाटीवरचं लेकीच्या सासरचं गाव ओळखायला त्या शिकल्या. तेवढ्यासाठी एक अख्खा हिवाळा गेला. आमच्याकडून झालेली खरी सेवा कोणती असं आज कुणी विचारलं, तर मी त्या हिवाळ्याकडे बोट दाखवीन.

तेच काम आज ‘उल्लास’ या नावाने चालू आहे. 2022 ते 2027 या काळासाठी आखलेल्या या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात आणि त्या स्वयंसेवकांत शाळकरी मुलंही आहेत. नोंदणी ॲपवर होते, पाठ मोबाईलवर दिसतात. अक्षरओळखीच्या जोडीला पैशांचे डिजिटल व्यवहारही शिकवले जातात, कारण आजच्या आजीला एसटीच्या पाटीइतकीच मोबाईलवर आलेल्या संदेशाचीही गरज आहे. आमच्या हाती एक फुटकी पाटी होती. आजच्या मुलांची साधनं कितीतरी चांगली आहेत, आणि ती तशीच असावीत.

जुन्या दिवसांविषयी लिहिताना सगळंच सोनेरी करून टाकायचा मोह होतो. तो टाळायला हवा. श्रमदानाच्या दिवशी गावातली गटारं काढायची असली की काही घरांतून ‘मुलाला ताप आहे’ अशी चिठ्ठी यायची. ती कोणत्या घरांतून यायची आणि कोणत्या घरांतून कधीच यायची नाही, हे ठरलेलं होतं. ज्या मुलांचे आईवडील पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करत आले, त्यांच्याच हातात पुन्हा फावडं यायचं आणि त्याला आम्ही सेवा म्हणायचो. खराटा हाती घेऊन गाडगेबाबा गावोगाव फिरले, कोकणात अप्पा पटवर्धनांनी सफाईचं काम स्वतःच्या हातांनी केलं, ते नेमकं हेच मोडायला. त्यांचे फोटो शाळेच्या भिंतीवर होते, पण पटांगणावर त्यांची शिकवण पोचायची होती. आज हातमोजे दिले जातात, मुलांना गटारात उतरवत नाहीत, हजेरीच्या क्रमाने पाळी येते. निदान ज्या शाळा मी जवळून पाहिल्या, तिथे कचरा वेगळा करायच्या टेबलाशी सगळी मुलं सारखीच उभी असतात. इथे आजचा काळ आमच्या काळाच्या पुढे गेला आहे, आणि ते मोकळेपणाने म्हणायला हवं.

मदत कशी करायची याचं भानही वाढलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुकीहून आलेली गावं झोपेत होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. आम्ही नववीत होतो. दुपारपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचा ढीग लागला, घराघरांतून भाकऱ्या आणि चटण्या आल्या, कुणी गोधड्या आणल्या. कुणी सांगायची वाट पाहिली नव्हती. ती धाव आठवली की अजून गळा भरून येतो. पण त्या ढिगात फाटके शर्ट होते, तुटक्या बटणांचे फ्रॉक होते, आणि जाड्या गोधड्या मात्र मोजक्याच होत्या. आज 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारखी वेळ आली की मुलं आधी विचारतात: तिथे नेमकं काय हवंय? मग यादी येते. पिण्याचं पाणी, सॅनिटरी पॅड, वह्या, फिनेल, कोरडा शिधा. यादीबाहेरची वस्तू बाजूला ठेवायचं धाडस आठवीतली मुलगी करते. घेणाऱ्याचा मान राखणारी ही रीत आम्हांला कुणी शिकवली नव्हती.

सेवेच्या तासांचा हिशेब ठेवणं हा मात्र आजचा शोध नाही. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला 120 याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, हा तिचा शिरस्ता. अकरावीत आम्ही त्यात होतो. त्याच वर्षी 9 डिसेंबर 1995 ला पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी झाली. आमच्याकडे वीटभट्ट्यांची बाजू आली. भट्टीवरची पोरं अंगभर माती माखून खेळत असायची. त्यांच्या आयांना समजावून त्यांना बूथपर्यंत आणायचं, थेंब पाजून झाले की करंगळीच्या नखावर शाईची खूण झाली का ते पाहायचं, एवढंच आमचं काम. आम्ही काही मोठं करतोय असं तेव्हा वाटलंही नाही. पण त्या फेऱ्या वर्षानुवर्षं होत राहिल्या. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. एका दिवसाच्या उत्साहाने पोलिओ गेला नाही. त्याच भट्टीवर, त्याच झोपडीत, पाच वर्षांखालच्या त्याच पोरासाठी पुन्हा पुन्हा गेल्यामुळे तो गेला.

मला जे म्हणायचं आहे ते हेच. जुन्या काळच्या साधेपणाची, चार आण्यांची, खाकी चड्डीची ओढ लावून घेण्यात अर्थ नाही. त्या काळातली जपण्यासारखी गोष्ट एकच होती: आम्ही त्याच दारी पुन्हा जायचो. गाव लहान होतं, म्हणून ते आपोआप घडायचं. आज ते आपोआप घडत नाही. शाळा बसने वृद्धाश्रमात जाते, मुलं गाणी म्हणतात, फळं देतात, एकत्र फोटो काढतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. पुढच्या वर्षी दुसरा आश्रम, दुसरा वर्ग. ज्या आजोबांनी एखाद्या मुलाचा हात धरून ‘परत ये हं’ म्हटलं, ते पुढचे कितीतरी रविवार फाटकाकडे बघत बसतात. मुलं निष्ठुर नाहीत. त्यांच्या वेळापत्रकात परत जाण्याची जागाच ठेवलेली नाही.

ती ठेवली की काय होतं, ते मी माझ्या भाचीमुळे पाहिलं. ती पुण्यात नववीत आहे. तिच्या शाळेच्या सेवा मंडळातून दहावीच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांना लेखनिक दिले जातात. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून नववीतल्या मुलांना मोठी मागणी असते. तासाला वीस मिनिटं वाढीव वेळ मिळतो, पण एकमेकांची सवय नसेल तर तोही पुरत नाही. त्यामुळे परीक्षेच्या कितीतरी आधीपासून दोघांची सरावाला बैठक बसते.

मी एकदा तिला न्यायला गेलो तेव्हा तो सराव चालला होता. ती प्रश्न वाचत होती. स्वल्पविरामाला थांबत होती, पर्याय एका लयीत सांगत होती. तो मुलगा डोकं किंचित कलतं करून ऐकायचा, मग सलग उत्तर सांगायचा. इतिहासात त्याने एक सन चुकीचा सांगितला. भाचीला बरोबर सन माहीत होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पेन क्षणभर थांबलं आणि तिने त्याने सांगितलेलाच सन लिहिला. “परत वाच ना,” तो म्हणाला. तिने वाचलं. “नाही, खोड. चुकलं माझं,” असं म्हणून त्याने सन दुरुस्त केला. आपल्याला येतंय म्हणून दुसऱ्याचा पेपर आपण लिहायचा नाही. त्याला जे म्हणायचंय ते त्याच्या शब्दांत, जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. सेवेतला सगळ्यांत अवघड धडा ती मुलगी त्या टेबलाशी शिकत होती. परीक्षा संपल्यावरही ती थांबली नाही. आता ती आणि तिच्या मैत्रिणी दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या पुढच्या तुकडीसाठी धडे मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. कोणाला सावकाश लागतं, कोणाला भूमितीच्या आकृतीचं वर्णन दोनदा हवं असतं, हे त्यांना नावानिशी ठाऊक आहे. असं काम आमच्या गावात, आमच्या वेळी, कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

म्हणून प्रत्येक शाळेच्या सेवा मंडळाकडे, ते स्काऊट-गाईडचं असो, हरित सेनेचं असो की रोटरीच्या इंटरॅक्ट क्लबचं असो, माझं एकच मागणं आहे. जूनमध्ये शाळा उघडली की वर्षभराच्या दहा उपक्रमांची यादी करू नका. एक जागा निवडा: एक गल्ली, एक वस्ती, एक अंधशाळा, एक अंगणवाडी. तिथे तीन वर्षं जा. सातवीतली मुलं नववी संपेपर्यंत तीच असू देत, आणि जाताना त्यांनी खालच्या वर्गातल्या मुलांना हाताला धरून तिथल्या माणसांची ओळख करून द्यावी. प्रमाणपत्र द्यायचंच तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी द्या, आणि त्यावर सही तिथल्या माणसाची घ्या. साधनं, सुरक्षितता, समानता आणि समज आजच्या मुलांकडे आमच्याहून अधिक आहे. त्यांना आपण फक्त पुन्हा जाण्याइतका वेळ द्यायचा आहे, आणि तो देणं सर्वस्वी आपल्या हातात आहे.