इंटरची दोन वर्षं

नागपूर

चि. भाचीस,


दहावी झाली की बास्केटबॉल बंद, असं घरात ठरत चाललंय आणि तुला मात्र कॉलेजच्या संघातून खेळायचंय, हे ताईने फोनवर सांगितलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. तुमच्याकडे आदिलाबादला खेळणाऱ्या किती पोरींचा खेळ इंटरच्या (अकरावी-बारावीच्या) दोन वर्षांतच सुटतो! तुझा सुटू नये, एवढंच मला सांगायचंय.

बऱ्याच खासगी ज्युनिअर कॉलेजांना मैदानच नसतं. एमपीसी-बायपीसीचे (गणित आणि जीवशास्त्र गटांचे) तास दिवसभर चालतात. नेमक्या याच वयात शालेय स्पर्धांचा १९ वर्षांखालील गट असतो. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय या पायऱ्या तिथेच चढायच्या असतात. पुढे विद्यापीठाचा संघ. आदिलाबादची डिग्री कॉलेजं वरंगलच्या काकतीय विद्यापीठाची. पैनगंगा ओलांडून यवतमाळला आलीस तर अमरावती विद्यापीठ, माझ्याकडे आलीस तर नागपूर. आंतरविद्यापीठ स्पर्धेत चमकलेल्या संघांना खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा खुली होते. ती २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली.

अमेरिकेतल्या कॉलेजचं तुझं स्वप्नही मला वेडेपणाचं वाटत नाही. आमच्या नागपूरची सिया देवधर खेळाच्या जोरावर फ्लोरिडातल्या शाळेत गेली. हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठाच्या संघात पोचली. पण तिकडे खेळ कितीही आवडला, तरी प्रशिक्षकाला मार्कांकडे डोळेझाक करता येत नाही. एनसीएए ही तिथल्या कॉलेज-खेळांची संस्था नववीपासूनचे गुण तपासते. वरच्या श्रेणीच्या संघासाठी १६ मुख्य अभ्यासक्रम आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते.

या बाबतीत सतनामसिंगचं उदाहरण लक्षात ठेव. पंजाबातल्या बल्लो के गावचा हा मुलगा २०१० मध्ये फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीत गेला. कॉलेजच्या शैक्षणिक अटी पुऱ्या झाल्या नाहीत, म्हणून २०१५ मध्ये तो थेट एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) उतरला आणि ५२ वा निवडला गेला. असा निवडलेला तो पहिला भारतीय. त्याचा मला अभिमान आहे. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. खेळाडू कसाला लागून तयार होतो ती कॉलेजची वर्षं त्याला मिळाली असती तर, असं राहून राहून वाटतं.

तेव्हा पोरी, कॉलेज निवडताना निकालाच्या जाहिरातीआधी मैदान बघ आणि तिथल्या पीईटी (खेळाच्या) सरांना भेट. नववीपासूनचे मेमो (गुणपत्रिका) आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं एका फाइलीत जपून ठेव. सामन्यांचे व्हिडिओ काढशील ते पूर्ण काढ. नुसते बास्केट दाखवून भागत नाही. बचावात कुठे उभी राहतेस, चेंडू हातात नसताना कशी धावतेस, हेही प्रशिक्षकाला बघायचं असतं. बारावीनंतर प्रवेश परीक्षेच्या ‘लाँग टर्म’ कोचिंगमध्ये वर्षं घालवायचा विचार असेल तर आधी एनसीएएचे नियम वाच, अमेरिकेतली पात्रता त्याने घटू शकते.

अमेरिका होईल, न होईल. पण ही दोन वर्षं खेळ आणि अभ्यास दोन्ही टिकवलेस, तर वरंगल, अमरावती, नागपूर यांपैकी कुठलंही दार तुला बंद राहणार नाही. भाऊजींशी मी स्वतः बोलतो. अर्ज भरायच्या आधी आपण तिघं मिळून कॉलेजं बघायला जाऊ.

तुझा,
मामा