कोनाड्यापर्यंतचा हात

शिरवळच्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. खालच्या आम्हा भावंडांच्या उंचीच्या, दर दिवाळीला डोकं भिंतीला टेकवून मारलेल्या. वरच्या यंदाच्या, माझ्या बोटांच्या. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, उजव्या काखेतल्या गाठी काढल्या, आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलं की भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, कळ आली की थांबायचं आणि तिथे रेघ मारायची.

याच भिंतीला टेकून आत्या बसायची. १९७४ साली तिचंही याच आजाराचं ऑपरेशन झालं होतं. आजाराचं नाव तेव्हा घरात कुणी उच्चारत नसे. ‘छातीत गाठ झालीय’, एवढंच, तेही हळू आवाजात. तिला परळच्या टाटा हॉस्पिटलात नेलं. ते हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे, आणि आम्हा सातारकरांना ते परकं वाटत नसे, कारण घरटी एक माणूस तेव्हा लालबाग-परळच्या गिरण्यांत होता. गाववाल्यांच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा जण. आत्या येणार म्हटल्यावर त्यांनी वळकट्या उचलल्या आणि बाहेर गॅलरीत पसरल्या. रात्रपाळीहून आलेला माणूस आधी स्टोव्ह पेटवून तिला पेज करून द्यायचा, मग आडवा व्हायचा.

माझं ऑपरेशन पुण्यात झालं. शिरवळहून तासा-दीड तासाची वाट. आता साताऱ्यात, कऱ्हाडला, मिरजेलाही या आजारावर उपचार होतात. तिसऱ्या दिवशी मी मोटारीने घरी आले, काखेतून निघालेली ड्रेनची नळी आणि बाटली कापडी पिशवीत, सीटबेल्टखाली एक मऊ उशी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या उठल्या, त्या खोल्याही उठल्या. मला त्यांची गरज पडली नाही, हे चांगलंच झालं. तरी नीरेचा पूल ओलांडून गाडी गावात शिरली तेव्हा त्या वळकट्या आठवल्या.

आत्याची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीची. अमेरिकेतल्या विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेली आणि पुढे जगभर चाललेली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. तिच्या गळपट्टीखाली खोबण पडली होती, बरगड्या मोजता येत. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून केलेल्या अभ्यासांनी दाखवून दिलं की एवढं कापून जगणं वाढत नाही. आज स्नायू सहसा ठेवतात. काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठी तपासून त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीची काखही वाचते. माझ्या स्वच्छ निघाल्या नाहीत.

घरी आल्यावर आत्याला जो तो सांगे, हात हलवू नकोस, टाके उसवतील. तीन महिने तो हात पदराच्या झोळीत राहिला. मग खांदा जो आखडला तो आखडलाच. आडावरचा रहाट सुटला, भाकरी थापणं सुटलं, वेणी सुटली. आमच्या दाराला आता एक कप्पी टांगलीय. खुर्चीवर बसायचं, दोरीची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा. पहिल्यांदा कप्पी कुरकुरली तेव्हा आड आठवला. ज्या ओढीची आत्याला बंदी झाली, तीच ओढ आज मला दिवसातून दोनदा लिहून दिलीय.

दुखण्याचं सांगायचं तर ते एक नसतं. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला एक नस जाते, स्पर्श कळवणारी. ऑपरेशनमध्ये ती दुखावली की दंड बधिर होतो आणि बधिर असूनही जळजळतो. आत्या म्हणायची, “दंडावरनं मुंग्यांची रांग चाललीया गं.” आम्हा पोरांना वाटे, खरंच मुंग्या आहेत, आणि आम्ही फुंकर घालायचो. मला रात्री नसेच्या दुखण्याची गोळी आहे. गोळीने आग निवते. फुंकर घालणारं कुणी नाही.

महिन्याभराने हात वर नेताना काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक दोरी ताठ झालेली दिसली, सतारीच्या तारेसारखी. याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. चार दिवस मी आजार परतला असं धरून जगले, घरातही बोलले नाही. फिजिओथेरपिस्टने बोट फिरवून सांगितलं, ही काखेतली दोरी, खूप जणींना होते, हलक्या ताणाने बहुतेकदा काही आठवड्यांत सुटते. सुटली. ते चार दिवस मात्र मी अगदी आत्यासारखे काढले, तोंड मिटून. ती पद्धत मला नको आहे, तरी ती अंगात मुरलेली आहे.

आत्याचा हात वर्षभरात सुजला. कासार ओसरीवर यायचा. बांगडी मनगटावर रुतलेली बघून त्याने उजव्या हातातल्या सगळ्या बांगड्या वाढवल्या, त्याही एकेक करून, तिला न लागू देता. शेवटची निघाली तेव्हा तो म्हणाला, “ताई, डाव्यात दोन जास्त भरतो.” सूज उतरावी म्हणून आजी कढत तेलाने हात रगडायची. ते चूक होतं हे आता कळतं. आज हलक्या हाताने, कातडीवरून फक्त सरकवत मालिश करतात. घट्ट बाही चढवतात. दोन्ही हात ठरल्या जागी टेपने मोजायचे, वहीत लिहायचे, दोन सेंटिमीटरचा फरक दिसला की दाखवायला जायचं. जन्मभर कळशी उचलायची नाही, हा धाकही गेला. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांनी सूज असलेल्या १४१ जणींवर अभ्यास केला. हळूहळू वजन उचलणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही, उलट त्यांना त्रासाचे झटके कमी आले. आत्याला हे कळलं असतं तर तिने पहिली कळशी आडावरून आणली असती.

पण दुपार झाली की मला वाटतं ते वेगळं. आत्याचा हात डोक्यापर्यंत पोचत नसे, म्हणून गल्लीतल्या बायका दुपारी वेणी घालायला यायच्या. कोनाड्यातली फणीकरंड्याची पेटी निघायची. एक गुंता सोडवायची, दुसरी तेल जिरवायची, तिसरी नुसती मांडीवर तिचा हात घेऊन बसायची. तो हात मांडीवर असेपर्यंत आत्या कण्हत नसे. याच बायका तिच्यासाठी वेगळा कप ठेवायच्या, हेही मला माहीत आहे. आजार लागेल असं त्यांना वाटायचं. तिचे केस हातात धरून त्या आपसात कुजबुजायच्या, आणि तिला ऐकू जायचं. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. त्या दुपारी मात्र मला हव्या आहेत.

आता शेजारच्या खोल्यांत कारखान्यांतली मुलं-मुली भाड्याने राहतात. पहिल्या पाळीची मुलगी पहाटे निघते, दुपारी गल्लीला कुलपं. व्यायाम मी मोबाइलचा गजर लावून करते.

काल बोटं कोनाड्याच्या कडेला लागली. गेल्या रेघेपेक्षा चार बोटं वर. आत चाचपलं, पेटी हाताला लागली. डाव्या हाताचा आधार देऊन उतरवली. तेलाने काळी पडलेली शिसवी फणी, दोन दात तुटलेले. केमोनंतर माझे केस जेमतेम कानापर्यंत आलेत. सूनबाई स्वयंपाकघरातून बघत होती. ओले हात पदराला पुसत आली आणि म्हणाली, “आई, बसा खाली. आज तेल तरी लावू.”