बारा रुपये आणि वर भत्ता

शिक्षकाचे वेतन विद्यार्थ्यांच्या निकालाशी जोडावे, अशी सूचना कानावर आली की आम्हा मराठीच्या प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडते. कविता शिकवणाऱ्याला उक्त्या कामाचा हिशेब मानवत नाही. त्यात इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांनी मॅथ्यू अर्नोल्डचे नाव घेतले की वाद मिटल्यासारखाच वाटतो. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो यांच्या संहितेने शाळांच्या अनुदानाचा मोठा भाग वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या परीक्षेला बांधला. शाळातपासनीस असलेल्या अर्नोल्डने या पद्धतीला सातत्याने विरोध केला. शिक्षण यांत्रिक होते, ही त्याची तक्रार खरीच होती. शतक संपता संपता ती पद्धत मोडीत निघाली.

परंतु याच विषयावर आपल्या घरचाही एक दस्तऐवज आहे. जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन आम्ही वर्गात नेहमी काढतो. चर्चा होते ती वरच्या वर्गांना शिकवले म्हणजे विद्या खाली झिरपेल, या धोरणावरील टीकेची. शिक्षकांच्या पगाराचा मजकूर मात्र भराभर मागे टाकला जातो. जोतीराव तिथे चक्क आकडे देतात. पंतोजीला दहा रुपयांहून अधिक क्वचितच मिळतात. त्याऐवजी प्रशिक्षित शिक्षक नेमावा, त्याला किमान बारा आणि मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये द्यावेत. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामे सोपवून गावात त्याची पत वाढवावी. आणि पुष्कळ मुले उत्तीर्ण करणाऱ्या गुरुजींना पगाराखेरीज खास भत्ता द्यावा!

म्हणजे अर्नोल्ड ज्याला विटला होता, त्याच्याच जवळपासची गोष्ट जोतीराव मागत होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. लो यांच्या योजनेत नापास मुलामागे अनुदान कापले जाई. जोतीरावांच्या योजनेत पगार शाबूत राहून वर काही मिळे. शिवाय पैसा कुठून यावा, हेही त्यांनी सांगून ठेवले होते: लोकलफंडाचा अर्धा हिस्सा केवळ प्राथमिक शिक्षणासाठी काढावा. तपासणी वर्षातून एकदा नव्हे, तर दर तिमाहीस व्हावी आणि एरवीही न कळवता भेटी द्याव्यात, हेही होतेच.

कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी 2005 पासून आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत जो प्रयोग केला, तो या संदर्भात वाचण्याजोगा आहे. तेथेही पगाराला हात न लावता, मुलांच्या प्रगतीनुसार वार्षिक वेतनाच्या सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास बक्षीस दिले गेले. दोन वर्षांत मुले पुढे गेली. गणितात अधिक, भाषेत कमी. हे आम्ही भाषेवाल्यांनी लक्षात ठेवावे. शिक्षकांची गैरहजेरी घटली नाही. जे हजर होते ते जास्तीचे तास घेऊ लागले, सराव करून घेऊ लागले. काही शाळांना नुसते अनुदान दिले होते. पहिल्या वर्षी त्याचा उपयोग झाला. पुढच्या वर्षी ते येणार हे ठाऊक झाल्यावर पालकांनी आपला खर्च आखडता घेतला आणि लाभ उरला नाही. गरिबाच्या घरचा हिशेब धोरणकर्त्याहून चोख असतो.

मोजमापाचा आमचा अनुभव निराळा आहे. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांसाठी गुणांकन आणले. तासांची संख्या आणि शोधनिबंध यांना गुण होते. एखादा तास रंगला, मुले ग्रंथालयाकडे वळली, याला रकाना नव्हता. पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके भराभर उगवली. म्हणून काय मोजणार, हे आधी विचारल्यावाचून आम्ही भत्त्याला मान डोलावणार नाही. वाचता येणे मोजता येते, मोजावेही. वाचनाची गोडी त्याच पट्टीने मोजू नये.

आमच्या वर्गातून एम.ए. झालेली मुले बी.एड. करून शाळांत जातात. महाराष्ट्रात त्यांची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून जातात. प्राथमिक शाळेतील सेवकाचे सहा हजारांचे मानधन 2023 मध्ये सोळा हजार झाले. विनाअनुदानित शाळेत गेलेल्यांना आम्ही पगार विचारायचे सोडून दिले आहे. जोतीरावांच्या निवेदनात भत्त्याचे वाक्य बारा रुपयांच्या नंतर येते.